‘एस्’ प्रत्ययाचा अंमल

इंग्रजी नामाच्या अंती ‘एस्’ जोडला की अनेकवचन सिद्ध होते, हा नियम आज सर्वत्र रूढ दिसत असला, तरी प्राचीन इंग्रजीत तो प्रत्यय पुल्लिंगी नामांच्या एका वर्गापुरताच प्रामुख्याने मर्यादित होता, आणि दक्षिण इंग्लंडात तर ‘एन्’ या प्रतिस्पर्ध्याची सद्दी दीर्घकाळ टिकून होती. मुद्रक विल्यम कॅक्स्टन १४९० मधील एका प्रस्तावनेत नमूद करतो की, केंट परगण्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या एका व्यापाऱ्याने ‘एगिस’ म्हणजे अंडी मागितली, तेव्हा ‘आयरन’ एवढेच रूप जाणणाऱ्या गृहिणीने आपणांस फ्रेंच येत नाही असे सांगून त्याची बोळवण केली; फ्रेंच त्या बिचाऱ्यालाही येत नव्हते, म्हणून तो संतापला! पुढे ‘एस्’चाच अंमल कायम झाला, ‘ऑक्सन’सारखी जुनी रूपे तेवढी शिल्लक राहिली, आणि ‘चिल्ड्रन’मध्ये तर मूळच्या अनेकवचनावरच ‘एन्’ पुन्हा चढलेला आहे. ‘फूट’चे ‘फीट’ होते ते मात्र निराळ्या कारणाने: लुप्त झालेल्या प्रत्ययातील इकाराने आतला स्वर पालटून ठेवला. याहून नवल वाटाण्याचे, कारण ‘पीज’ हे मुळात एकवचनच असता, लोकांनी अंत्य वर्णास प्रत्यय समजून तो छाटला व ‘पी’ निर्माण केला.