कुत्रा आधी इशारा देतो

वस्तीतला कुत्रा सहसा उगाच चावत नाही. अंग ताठ करणे, दात दाखवणे, गुरगुरणे हा त्याचा इशारा असतो. खाताना, झोपेत, पिलांजवळ असताना त्याला छेडू नये. पळालो तर तो पाठलाग करतो; म्हणून मुलांना जागीच शांत उभे राहायला शिकवू या.

तरीही चावला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, तिखट, अंगारा लावू नये. रेबीजचे विषाणू लाळेतून जखमेत शिरतात आणि नसांवाटे मेंदूकडे सरकतात. लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून आम्ही सांगतो, ओरखडा असला तरी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा.