थंडीतली गरम पेये : कपात नुसता चहा की आणखी काही?



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की सकाळचा परिपाठ कुडकुडतच सुरू होतो. कोणी स्वेटरच्या बाहीत हात लपवतं, कोणी उन्हाचा पट्टा शोधून तिथेच उभं राहतं. मागच्या डिसेंबरात माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी प्रतिज्ञा चालू असतानाच मटकन खाली बसली. तिला व्हरांड्यात उन्हाला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?"

"चहा पिला मॅडम."

"आणि चहाबरोबर?"

"काय नाय."

मग मी सगळ्या वर्गाला विचारलं. निम्म्याहून जास्त हात चहासाठी वर झाले. कोणाचा चहा-बटर, कोणाचा चहा-चपाती, तर कोणाचा नुसताच चहा. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई भेटली. म्हणाली, "दूध सगळं डेअरीला जातं मॅडम, दुधाच्या पगारावरच घर चालतं. चहापुरतं ठेवते. सकाळी सहाला रानात जायचं असतं, तेवढ्यात चहाच होतो." तिचं म्हणणं खरंच होतं. म्हणून आजच्या पाठात आपण थंडीतल्या गरम पेयांची माहिती घेऊ आणि कमी पैशांत, कमी वेळात मुलांच्या पोटाला आधार देणारं काय करता येईल तेही पाहू.

गरम प्यायल्यावर ऊब कशी वाटते?

आपल्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. समजा, तुम्ही ६० अंशांचा एक कप म्हणजे १५० मिलिलिटर चहा प्यायलात. तो पोटात गेल्यावर ३७ अंशांपर्यंत निवतो. त्यातून शरीराला मिळणारी उष्णता असते साडेतीन किलोकॅलरीच्या आसपास! म्हणजे फारच थोडी. घशाला, हाताला बरं वाटतं, पण ही ऊब लवकर ओसरते.

खरी ऊब अन्नातून येते. आपलं शरीर दिवसभर अन्न वापरून उष्णता तयार करत असतं. दोन मोठे चमचे (सुमारे २० ग्रॅम) नाचणीचं पीठ आणि १० ग्रॅम गूळ यांतून साधारण १०० किलोकॅलरी मिळतात. आता तुम्हीच सांगा, थंडीत सकाळी सातला शाळेला निघणाऱ्या मुलाला कोणता कप जास्त उपयोगी?

चहा : आवडता, पण वेळ पाहून

आलं घातलेला वाफाळता चहा कोणाला आवडत नाही? मलाही आवडतो. चहाच्या पानांत कॅफिन असतं, त्यामुळे तरतरी वाटते. पण चहातली टॅनिन नावाची द्रव्यं भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत. म्हणजे चहा-चपाती खाल्ली की चपातीतलं बरंचसं लोह वाया जातं. लोह कमी पडलं की रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होतं, दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असं सांगितलं आहे. मोठ्यांनी एवढं जरी पाळलं तरी फरक पडेल. लहान मुलांना मात्र चहाची सवय न लावलेलीच बरी. भाकरी-भाजीबरोबर आवळा, पेरू किंवा लिंबाची फोड दिली तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. आवळा आणि पेरू तर थंडीत गावोगावी मिळतात.

मुलांसाठी चार कप

१) नाचणीची पेज : नाचणीला कुठे नागली म्हणतात, कुठे रागी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ज्या घरी दूध विकावं लागतं, तिथे हे फार मोलाचं आहे. दोन चमचे पीठ आधी अर्धी वाटी थंड पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. दुसरीकडे एक पेला पाणी उकळून त्यात हे कालवण ओता आणि पाच-सात मिनिटं ढवळत राहा. चिमूटभर मीठ किंवा गुळाचा खडा घातला की झालं. काही घरी पीठ रात्रभर भिजवून आंबवतात, शिजवतात आणि वरून ताक घालतात, ती आंबील.

२) हुलग्याचं माडगं : हुलगा म्हणजेच कोकणातला कुळीथ. १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. हुलगे भाजून दळून ठेवायचे. गूळ आणि सुंठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पातळ कालवलेलं पीठ सोडून शिजवायचं. तिखट आवडत असेल तर हुलगे उकडलेल्या पाण्याला लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, ते कढण. आमच्या आजी म्हणायच्या, "माडगं प्यालं की घोंगडं लागत नाय." शिजलेलं पीठ पोटात राहतं, म्हणून तसं वाटत असणार.

३) हळदीचं दूध : कोजागरीच्या मसाला दुधाची मजा वर्षातून एकदाच, पण हळदीचं दूध थंडीभर चालतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगलं विरघळतं आणि मिरपुडीमुळे ते शरीरात जास्त शोषलं जातं. म्हणून दुधात चिमूटभर हळदीसोबत किंचित मिरपूड घाला. पण हे औषध नाही बरं का. खोकला, ताप राहिला तर दवाखान्यातच जायचं.

४) गवती चहा : नावात चहा असला तरी हे गवत आहे, चहाच्या झुडपाशी याचं नातं नाही आणि यात कॅफिनही नाही. मोरीच्या सांडपाण्यावरसुद्धा याचं बेट छान वाढतं. पाती धुऊन, आलं आणि गूळ घालून उकळा. चहा पावडर घालू नका. यात पोषण फारसं नाही, म्हणून सोबत भाकरी, चपाती किंवा मूठभर शेंगदाणे हवेतच.

जायफळ घातलेली कॉफी मोठ्यांसाठी राहू द्या. जायफळही चिमटीतच, जास्त झालं तर त्रास होतो.

करून पाहा

आजोबा बशीत ओतून चहा का पितात? मोठ्यांच्या मदतीने सारखंच कोमट पाणी एका कपात आणि एका बशीत घ्या. पाच मिनिटांनी बोट लावून पाहा. बशीतलं पाणी आधी निवेल. कारण पसरट बशीत पाण्याचा जास्त भाग हवेला लागतो, त्यामुळे बाष्पीभवन जास्त होतं आणि उष्णता लवकर निघून जाते. आजोबांचं विज्ञान पक्कं आहे!

लक्षात ठेवा

• फार कढत पिऊ नका. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयं नेहमी पिणं अन्ननलिकेला घातक ठरू शकतं, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली दिला आहे.
• चुलीजवळ, गॅसजवळ मुलांनी एकट्याने काही उकळू नये.
• एक वर्षाखालच्या बाळाला कोणत्याही पेयातून मध देऊ नका.

त्या मुलीच्या आईला मी पेजेची कृती सांगितली. आता ती रात्रीच पीठ कालवून झाकून ठेवते, सकाळी चहाच्या आधी तेच चुलीवर चढतं. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "रोज नाही जमत मॅडम, पण जमेल तेव्हा करते." मला तेवढं पुरेसं वाटलं. मुलगी परिपाठाला ताठ उभी असते, आणि हल्ली प्रतिज्ञा तीच सांगते.

स्वाध्याय : तुमच्या आजीला विचारा, तिच्या लहानपणी थंडीत सकाळी काय गरम प्यायचे? त्याचं नाव आणि कृती वहीत पाच ओळींत लिहून आणा.