गिनिपिगच्या डोळ्यातले कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण तुम्ही मराठीच्या तासाला कितीदा तरी वाक्यात वापरली असेल. पण कुसळ म्हणजे नेमके काय, हे कधी हातात घेऊन पाहिले आहे का? काही गवतांच्या आणि धान्यांच्या दाण्यांना ताठ, टोकदार केस असतात. तेच कुसळ. त्यावर बारीक दाते असल्यामुळे ते एकदा शिरले की पुढेच सरकते, सहसा मागे फिरत नाही. मोज्यात शिरले तर आपण वैतागतो. मग डोळ्यात शिरले तर?

समजा, तुम्ही मुंबईत डिलाईल रोडला राहता. या रस्त्याच्या पाटीवर आज ना. म. जोशी मार्ग असे लिहिलेले असले, तरी जुने रहिवासी त्याला डिलाईल रोडच म्हणतात. तुमच्या चाळीच्या गॅलरीत एका पिंजऱ्यात दोन गिनिपिग आहेत. रात्री त्यांना नवे वाळलेले गवत घातले होते. त्यात बोगदा करून लपणे हा त्यांचा आवडता खेळ. सकाळी पाहता, तर एकाचा उजवा डोळा अर्धवट मिटलेला, पाण्याने भरलेला, आणि त्यावर निळसर पांढरी झाक आलेली. तो पुढच्या पायाने सारखा डोळा पुसतो आहे आणि आवडत्या कोथिंबिरीकडेही पाहत नाही.

घरातल्या फळीवर आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे उरलेले थेंब आहेत. शेजारी ताईच्या घशासाठी आणलेल्या कॅप्सूल आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, “थोडा मध घाला, बरे वाटेल.”

थांबा! फळीवरच्या त्या बाटलीने गिनिपिगचा डोळा जाऊ शकतो आणि त्या कॅप्सूलने त्याचा जीव जाऊ शकतो. असे का, ते आता पाहू.

हा पाहुणा कोण?

गिनिपिग हे डुक्कर नव्हे आणि त्याचा आफ्रिकेतल्या गिनीशीही संबंध नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या प्रदेशातला, उंदीर-खारींच्या गणातला कृंतक प्राणी. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले. त्याचे पिल्लू जन्मते तेच अंगावर केस, तोंडात दात आणि उघडे डोळे घेऊन! डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि जरा बाहेर आलेले. त्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ चहूकडचे दिसते. गवताळ प्रदेशात शत्रूची चाहूल घेण्यास हे उत्तम. पण डोळा जितका बाहेर, तितका तो गवताच्या काडीच्या वाटेत!

या प्राण्याचे आपल्यावर फार मोठे ऋण आहे. 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधले, तेव्हा त्यांच्या प्रयोगांत गिनिपिग होते. आणि एक प्रयोग तर डिलाईल रोडपासून हाकेच्या अंतरावर, परळला झाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, ही कल्पना पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 साली मांडली होती. पण तिच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकांनी प्लेग झालेल्या घरांत गिनिपिग मोकळे सोडले. उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि त्यांतल्या अनेकांना प्लेग झाला. पिसवा शिरू शकणार नाहीत अशा बारीक जाळीच्या पिंजऱ्यांतले गिनिपिग मात्र वाचले. त्याच प्रयोगशाळेला 1925 साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. मुंबईच्या वस्त्यांत प्लेगचे कोडे सुटले, ते या मुक्या प्राण्यांच्या जिवावर. तेव्हा आज त्याच्या एका डोळ्यासाठी आपण धावपळ केली, तर ती काही उपकार ठरू नये.

एक डोळा की दोन?

डॉक्टर आधी प्रश्न विचारतात, मग औषध देतात. तुम्हीही तसेच करा.

गिनिपिग तोंड धुताना दोन्ही डोळ्यांतून दुधासारखा पांढरा द्रव सोडतो आणि तो पायांनी चेहऱ्यावर फिरवतो. काही क्षणांत तो नाहीसा होतो. हा आजार नव्हे, ही त्याची अंघोळ! दोन्ही डोळे चिकटलेले, त्यांवर खपल्या आणि सोबत शिंका असतील, तर आजार बहुधा श्वसनमार्गातला. डोळा पुढे ढकलल्यासारखा दिसत असेल, तर दातांचाही संशय घ्यावा लागतो. गिनिपिगचे दात जन्मभर वाढतात आणि दाढांची मुळे खालून डोळ्याच्या खोबणीकडे सरकू शकतात. पण काल ठीक असलेला एकच डोळा आज अचानक मिटला, तर पहिला संशय इजेचा.

काचेवरचा ओरखडा

डोळ्याच्या पुढच्या बाजूस घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. माणसात मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. गिनिपिगचे पारपटल त्याहूनही पातळ. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर पलीकडचे स्वच्छ दिसले नसते. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः अश्रूंत विरघळलेल्या हवेतून. मज्जातंतू मात्र दाटीने असतात. म्हणून तर डोळ्यात धुळीचा कण गेला, तरी आपण कासावीस होतो.

पारपटलाचा सर्वांत वरचा थर पेशींचा. त्याच्या खाली कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे थरावर थर. डिलाईल रोडच्या आसपास एके काळी कापडगिरण्यांचे भोंगे वाजत. गिरणीत काम केलेले आजोबा तुम्हाला सांगतील, की कापडाची ताकद ताण्या-बाण्यात असते. पारपटलातही एका थरातले तंतू उभे, तर पुढच्या थरातले आडवे. म्हणून इतका पातळ पडदा डोळ्यातला दाब सहन करतो.

ओरखडा फक्त वरच्या थरात असेल, तर आजूबाजूच्या पेशी सरकत येऊन ती जागा झाकतात आणि काही दिवसांत जखम भरते. पण त्या उघड्या दारातून जंतू आत शिरले, तर कोलॅजेन विरघळू लागते, व्रण खोल जातो आणि डोळ्यात फूल पडते. काही वेळा पडदा फुटून डोळाच जातो. हे सारे दोन-तीन दिवसांतही घडू शकते. म्हणून उद्या पाहू असे म्हणायचे नाही.

दोन चुकीची औषधे

आता आजोबांच्या थेंबांकडे वळू. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. ते डोळ्याची लाली आणि सूज कमी करते. आजोबांच्या डोळ्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडले. पण उघड्या जखमेवर तेच औषध पेशींचे सरकणे मंदावते, जंतूंशी लढणाऱ्या पेशींना थोपवते आणि कोलॅजेन विरघळण्यास वाव देते. गंमत अशी, की वरून डोळा बरा झाल्यासारखा दिसतो आणि आतून व्रण खोल जात असतो.

आणि त्या कॅप्सूल? घशासाठी अनेकदा पेनिसिलिनच्या कुटुंबातले अॅमॉक्सिसिलिन दिले जाते. 25 मे 1940 रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांतल्या चार उंदरांना पेनिसिलिन दिले. औषध मिळालेले उंदीर वाचले, बाकीचे मेले. आधुनिक वैद्यकातला हा सोन्याचा दिवस. पण त्या दिवशी उंदरांऐवजी गिनिपिग घेतले असते तर? 1943 साली संशोधकांना आढळले, की पेनिसिलिनने गिनिपिग मरतात! त्याच्या आतड्यात चारा पचवणाऱ्या उपयुक्त जंतूंची मोठी वसाहत असते. पेनिसिलिन त्यांतल्या अनेकांना मारते. मोकळ्या जागेत घातक जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने प्राणी दगावतो. म्हणजे एकाचे अमृत ते दुसऱ्याचे विष. तोंडावाटे हे औषध त्याला कधीच देऊ नये. डोळ्यात घातलेले औषधही तो चेहरा चाटून-पुसून पोटात घेतो, हे ध्यानात ठेवा.

मध, काजळ, गुलाबपाणी, दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक नॉर्मल सलाइनने डोळा हलकेच धुता येईल. सैल काडी त्याबरोबर वाहून जाईल. रुतलेली काडी मात्र ओढू नका, ती डॉक्टरांसाठी ठेवा.

परळची वाट

पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडा, तळाशी मऊ फडके घाला आणि सोबतीला दुसरा गिनिपिगही ठेवा. जोडीदार जवळ असला की तो कमी घाबरतो. खोके उन्हात धरू नका, कारण या प्राण्याला उकाडा सोसत नाही. मग करी रोडचा पूल ओलांडून, भारतमाताच्या चौकातून परळला जा. तिथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. मुंबईतले गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नीचे हे नाव. याच आवारात 1886 साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या शहरात माल बैलगाड्यांवर वाहिला जाई आणि 1874 पासून ट्रामही घोडे ओढत, त्या शहराला प्राण्यांच्या डॉक्टरांची किती गरज असेल, याची कल्पना करा.

डॉक्टर पापण्या उलटून लपलेले कुसळ शोधतात. मग एक नारिंगी रंगाची कागदी पट्टी सलाइनने भिजवून डोळ्याला अलगद टेकवतात आणि निळा प्रकाश टाकतात. ओरखडा असेल, तर नेमकी तेवढीच जागा हिरवीगार चमकते! हा रंग फ्लुओरेसीन. अॅडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो 1871 साली तयार केला. पाण्यात विरघळणारा हा रंग अखंड वरच्या थरातून आत जात नाही. थर फाटला असेल तिथेच तो खाली मुरतो.

हे वर्गात करून पाहता येईल. पांढऱ्या कागदावर मेणबत्ती चांगली घासा. टाचणीने मेणावर एक रेघ ओढा. आता वरून पातळ शाई फिरवून पुसून घ्या. मेणावर शाई ठरणार नाही, पण आधी न दिसणारी रेघ ठळक उमटेल. डॉक्टरांच्या पट्टीचे तत्त्व हेच.

व्रण उथळ असेल, तर डॉक्टर गिनिपिगला चालणारे प्रतिजैविकाचे थेंब आणि वेदनाशामक देतात आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासतात. व्रण फार खोल असेल, तर पापण्या काही दिवस टाके घालून मिटवाव्या लागतात. क्वचित डोळा काढावाही लागतो. पण नाक, कान आणि मिशांच्या आधारे एका डोळ्याचा गिनिपिगही सुखाने जगतो.

पेरूची फोड

निम्मे औषध मात्र तुमच्या स्वयंपाकघरात आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. गिनिपिगला ते जमत नाही. आणि आपल्यालाही नाही! 1907 साली नॉर्वेतले अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी गिनिपिगना नुसते धान्य खाऊ घातले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. या रोगाचे कारण आहारात शोधण्याची वाट तिथून मोकळी झाली.

कोलॅजेनचा तंतू तीन पेडांचा पीळ असतो. तो पीळ घट्ट बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते नसेल, तर जखमेत नवे कापड विणले जाते, पण कच्च्या सुताचे. एक किलो वजनाच्या गिनिपिगला रोज सुमारे 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. 100 ग्रॅम पेरूत ते सुमारे 200 मिलिग्रॅम असते. मग 20 मिलिग्रॅमसाठी किती पेरू लागेल? उत्तर सोपे आहे: दहा ग्रॅमची एक लहान फोड. ढोबळी मिरची आणि कोथिंबीरही चालेल. जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून ठेवू नका, ते पाण्यात लवकर नष्ट होते.

थेंब घालताना एकाने गिनिपिगला टॉवेलमध्ये गुंडाळून धरावे. दुसऱ्याने मागच्या बाजूने हात आणून वरून एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. दोन औषधे असतील, तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. रोज त्याचे वजन करून वहीत लिहा. हे फार महत्त्वाचे. गिनिपिग दुखणे लपवतो, पण वजन लपत नाही. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. दुखण्यामुळे त्याने दिवसभर खाल्ले नाही, तर डोळा राहील बाजूला आणि पोटच बंद पडेल. असे दिसले, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता पुन्हा परळ गाठा.

आणि नवे गवत पिंजऱ्यात घालण्यापूर्वी एकदा झटका, हातांनी चाळा. जाड काड्या आणि कुसळे वेचून टाका.

म्हणीतले कुसळ पाहणारा माणूस हसण्यावारी जातो, कारण तो दुसऱ्याचे उणे शोधत असतो. तुम्ही मात्र सकाळी उठून एका मुक्या जिवाच्या डोळ्यातले कुसळ वेळेवर पाहिलेत, तर त्याचा डोळा वाचेल. असे पाहणे म्हणजेच निरीक्षण, आणि विज्ञानाचा पहिला धडाही तोच.