जाऊन-येऊन नको, मुक्काम करा!

आपल्या विदर्भातल्या बायकांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, ‘जाऊन-येऊन’. नागपूरला काम निघालं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘मुक्काम करणार का?’ आणि बाईचं उत्तर ठरलेलं, ‘नाही हो, जाऊन-येऊन करते.’ मग पहाटे चारला उठायचं, डबा करून ठेवायचा, पहिली एसटी पकडायची, दिवसभर उन्हातान्हात फिरायचं आणि रात्री दहा-अकराला घरी पोचून पुन्हा भांड्यांना हात लावायचा. वर्ध्याहून येणारीला हे जमतं. पण चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती या गावांहून एका बाजूचाच प्रवास दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. गडचिरोलीचं अंतर त्याहून जास्त. सिरोंच्याच्या बाईनं तर ‘जाऊन-येऊन’ म्हणायचीही सोय नाही.

मी नागपुरात राहते आणि महिला मंडळाच्या कामामुळे बाहेरगावच्या बायकांशी माझा रोजचा संबंध येतो. कुणी दवाखान्यासाठी येतं, कुणी मुलीच्या परीक्षेसाठी, कुणी कोर्टाच्या तारखेसाठी. त्यांचा पहिला प्रश्न डॉक्टर कोणता किंवा वकील कोण, हा नसतोच. प्रश्न असतो, ‘ताई, थांबू तं थांबू कुठं?’ मैत्रिणींनो, आज याच साध्या वाटणाऱ्या प्रश्नाबद्दल बोलू या.

राजधानीचं शहर म्हणजे कामाचं शहर

नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. पुढे १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे महाराष्ट्राची उपराजधानी झालं. म्हणून हायकोर्टाचं खंडपीठ इथं, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथं. मोठे सरकारी दवाखाने आणि विद्यापीठही इथंच. अशा शहरात माणूस हौसेनं कमी आणि गरजेनं जास्त येतो. त्यामुळे इथल्या मुक्कामाचं नियोजन महाबळेश्वरच्या सहलीसारखं करून चालत नाही.

माझ्या भाचीला एका परिषदेसाठी तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकाऱ्याला जायचं होतं. तुर्कस्तान म्हटलं की सगळ्यांना इस्तंबूल आठवतं, पण १९२३ पासून राजधानी अंकारा आहे. ते सरकारी कचेऱ्यांचं, विद्यापीठांचं शहर. पोरगी पहिल्यांदा परदेशात चाललेली, आणि तीही एकटी! तिनं हॉटेलांचे फोटो बघत बसण्याऐवजी आधी शहराचा नकाशा पुढ्यात घेतला. विमानतळ शहरापासून लांब, तीसेक किलोमीटरवर. शहराच्या मधोमध किझिलाय नावाचा चौक, तिथं मेट्रोच्या गाड्या बदलतात. तिनं त्या चौकापासून चालत जाता येईल असंच साधं हॉटेल निवडलं. मला म्हणाली, ‘मावशी, हे म्हणजे आपली सीताबर्डीच गं!’ मला तिचं फार कौतुक वाटलं. कारण अंकारा असो की नागपूर, सूत्र एकच आहे. आधी काम कुठं ते बघा, मग खोली.

काम जिथं, मुक्काम तिथं

आपल्याकडे उलटं होतं. बसस्टँडवर उतरलं की समोर दिसेल त्या लॉजमध्ये शिरायचं, किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मामेसासऱ्यांकडे जायचं. मग खोलीत वाचलेले पैसे ऑटोत जातात आणि वेळ जातो तो वेगळाच.

‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात काम असेल तर अजनी, मेडिकल चौक हा भाग सोयीचा. तुमची गाडी अजनी स्टेशनला थांबत असेल तर तिथंच उतरा. ‘मेयो’ला जायचं असेल तर मुख्य रेल्वे स्टेशनच्या आसपास राहिलेलं बरं. एम्स मात्र मिहानमध्ये, वर्धा रोडवर, शहराबाहेर आहे. तिथं जाताना खापरीपर्यंत मेट्रोनं जाऊन पुढे ऑटो करता येतो. हायकोर्ट, विधानभवन, जिल्हाधिकारी कार्यालय हे सगळं सिव्हिल लाइन्समध्ये. आणि एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणची कामं असतील तर डोळे मिटून सीताबर्डी निवडावी. मेट्रोचे दोन्ही मार्ग तिथंच एकमेकांना मिळतात. एक जातो ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, दुसरा प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर. दुसऱ्या मार्गावर रेल्वे स्टेशनचाही थांबा आहे. डिसेंबर २०२२ पासून हे दोन्ही मार्ग पूर्ण सुरू आहेत. पण पहाटेची गाडी पकडायची असेल तर मेट्रोवर विसंबू नका. त्या दिवसापुरता मुक्काम स्टेशन किंवा गणेशपेठ बसस्थानकाच्या जवळ हवा.

तारीख बघूनच निघा

दुसरी गोष्ट तारखेची. डिसेंबरात अधिवेशन असलं की सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सकडे खोली मिळणं मुश्कील आणि मिळाली तरी भाव चढलेले. मोर्चांमुळे रस्ते बंद, ते वेगळंच. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला किंवा लग्नाची दाट तिथी असली तरी तीच गत. तपासणीची तारीख आपल्या हातात असेल तर हे दिवस टाळावेत. नसेल तर खोली आठ-पंधरा दिवस आधी सांगून ठेवावी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्यावरची, गच्चीखालची खोली घेऊ नये. रात्रभर भिंती तापलेल्या असतात. डिसेंबरात उलट, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं ते विचारून घ्यावं.

फोनवर काय विचाराल?

मोबाइलवर फोटो बघून खोली ठरवायची सोय आता झाली आहे, पण तेवढ्यावर राहू नका. फोन करून बोला. आवाजावरून पुष्कळ कळतं! कागदावर प्रश्न लिहून ठेवा म्हणजे गडबड होत नाही.

खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का, चालू आहे का? संडास-बाथरूम खोलीतच आहे ना? सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर कमोड आहे का? चेक-आउट दुपारी बाराला की चोवीस तासांनी? हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे बरं का. सकाळी सहाला पोचलात आणि बाराचा नियम असला, तर सहा तासांत दुसऱ्या दिवसाचं भाडं लागू शकतं. भाड्यात कर धरला आहे का? रात्री काउंटरवर माणूस असतो का? बेत रद्द झाला तर आगाऊ दिलेले पैसे परत मिळतील का?

आणि शेवटी स्पष्ट सांगायचं, ‘आम्ही दोघी बायकाच आहोत’ किंवा ‘मी एकटीच आहे.’ समोरचा कसा बोलतो ते ऐका. एकदा मी कार्यक्रमासाठी दुसऱ्या शहरात गेले होते. एका लॉजवाल्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, ‘लेडीज एकटी असली तर आम्ही रूम देत नाही, सोबत जेन्ट्स पाहिजे.’ मी शांतपणे विचारलं, ‘हा नियम कुठे लिहिला आहे तो दाखवा.’ तो काही दाखवू शकला नाही. मैत्रिणींनो, एकट्या बाईला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा या देशात नाही. मी अर्थात तिथं राहिले नाही. जिथं येण्याआधीच अशी नजर, तिथं रात्र कशाला काढायची? पण फोनवरच विचारलं असलं की बॅग घेऊन दारोदार फिरायची वेळ येत नाही.

काउंटरवर आणि खोलीत

ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं, मोठ्या मुलांचंसुद्धा. आधारची झेरॉक्स देताना ‘मास्क्ड आधार’ द्यावं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि ते आधारच्या वेबसाइटवरून काढता येतं. मतदार ओळखपत्रही चालतं. झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असं लिहून सही करावी. काउंटरवर चार माणसं उभी असताना खोलीचा नंबर मोठ्यानं सांगितला तर दुसरी खोली मागायला लाजू नये.

पैशांचं म्हणाल तर, साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. म्हणजे हजाराच्या खोलीवर पन्नास रुपये. कुणी जास्त लावला तर बिल मागा, त्यावर जीएसटी क्रमांक बघा. जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावता येत नाही, तो काढायला सांगता येतो. ऐकत नसतील तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

पैसे देण्याआधी खोली बघायचीच. भाजी निवडून घेतो ना आपण, मग खोली का नाही? आतली कडी नीट लागते का, खिडकी बंद होते का, बाथरूमचा दिवा लागतो का, नळाला पाणी आहे का, चादर बदललेली आहे का. पलंगाकडे किंवा बाथरूमकडे रोखलेलं एखादं विचित्र छिद्र, वस्तू दिसली तर खोली बदलून मागा. रात्री दार वाजलं तर न उघडता काउंटरला फोन करा. घरी एका माणसाला हॉटेलचं नाव, पत्ता आणि खोली नंबर कळवून ठेवा. अडचणीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर मोबाइलमध्ये आणि पर्समधल्या कागदावरही असावेत. मोबाइलची बॅटरी नेमकी वेळेवर दगा देते.

पैसेच नसतील तर?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, ‘ताई, लॉजचं भाडं द्यायला हवं ना आधी!’ खरं आहे. आपल्याच विदर्भातल्या, अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी हे ओळखलं होतं. स्वतः उघड्यावर झोपणाऱ्या या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. परगावी आलेल्या गरिबाला आधी पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

सरकारी दवाखान्यात ‘समाजसेवा अधीक्षक’ नावाचे कर्मचारी असतात. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. रुग्ण भरती झाला की त्यांना जरूर भेटा. नातेवाइकांच्या राहण्याची, जेवणाची स्वस्तातली सोय कुठं आहे, कोणत्या योजनेत उपचार बसतात, हे त्यांना माहीत असतं. रेल्वेचं पक्कं तिकीट असेल तर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमसाठी प्रयत्न करता येतो. घरात मारहाण झाली म्हणून बाई बाहेर पडली असेल तर तिच्यासाठी ‘सखी वन स्टॉप सेंटर’ आहे, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. १८१ वर फोन केला तरी पत्ता मिळतो. शिवाय १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तिकिटात वाचलेले पैसे खोलीसाठी बाजूला ठेवले तर?

आता तुम्हाला वाटेल, एका रात्रीच्या खोलीचं एवढं काय! मला एक ताई आठवतात. चामोर्शीकडच्या. त्यांच्या आईला कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी ‘शेक’ द्यायला, म्हणजे रेडिएशनला सांगितलं. हा उपचार आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे चालतो. मध्ये खंड पडून चालत नाही. त्या पहिल्या आठवड्यात दोनदा आल्या आणि मग येईनाशा झाल्या. मी फोन केला तर म्हणाल्या, ‘रोज कशी आणू बाई तिले? गाडीत उलट्या करते. अन् राहाचं म्हटलं तं घरचे म्हणते, दोघी बायका कुठं राहून राहिल्या?’ औषध होतं, डॉक्टर होते, योजनेत पैसेही बसत होते. अडलं होतं ते फक्त मुक्कामावर. आम्ही दवाखान्याजवळ एका ओळखीच्या घरी खोली बघून दिली, त्यांच्या यजमानांना ती दाखवायला बोलावलं, तेव्हा कुठे उपचार पुढे सुरू झाले. तोवर आठ दिवस हातचे गेले होते.

त्या आठ दिवसांची किंमत कोणत्या हिशेबात धरायची? म्हणून म्हणते, मुक्काम ही चैन नाही, तो उपचाराचा, परीक्षेचा, कोर्टाच्या कामाचा भागच आहे. डॉक्टरांची फी धरतो तसं खोलीचं भाडंही खर्चात आधीच धरायचं. घरी सांगताना ‘राहू का?’ असं विचारू नका. ‘दोन दिवसांचं काम आहे, अमुक ठिकाणी खोली सांगितली आहे, हा फोन नंबर,’ असं सांगून बघा. नीट आखलेला बेत समोर ठेवला की घरच्यांचा निम्मा विरोध आपोआप मावळतो, हा माझा अनुभव आहे. काळजी त्यांनाही असतेच हो!

आणि स्वयंपाकाचं काय? एक रात्र भाकरी-पिठलं त्यांनाही करता येतं.