पाठीच्या कण्यास इजा झालेल्या मनुष्यास कसे हलवावे?

शेतीच्या कामात पडझड व्हावयाचीच. खानदेशात उन्हाळ्यामध्ये शेळ्यांसाठी निंबाचा पाला तोडताना किंवा चिंचा झोडताना माणूस झाडावरून पडतो. कापसाने शीग भरलेल्या गाडीवर बसलेला मजूर, गाडी खाचेत कलताच खाली येतो. रावेर-यावलकडील केळीच्या बागेत घड डोक्यावर घेऊन ओल्या वाफ्यातून जाणाऱ्याचा पाय घसरला, म्हणजे भाराचा हिसका मानेस बसतो. जवळची माणसे धावून येतात, त्यास उठवून बसवितात किंवा हातापायांस धरून उचलतात. हेतू चांगला असतो. परंतु कण्यास इजा झाली असल्यास ह्याच मदतीने मनुष्य जन्माचा पंगू होण्याचा संभव असतो.

असे का होते?

कणा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा बनलेला आहे. मानेत ७, छातीमागे १२ व कमरेत ५ मणके असून त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूची आज्ञा हातापायांस ह्याच मार्गाने पोहोचते. मणका मोडला तरी मज्जारज्जू पुष्कळदा शाबूत असतो. मान किंवा कंबर वाकली अथवा पिळली गेली, की मोडलेला मणका सरकून रज्जूस दाबतो. हाड सांधते, तसा तुटलेला मज्जारज्जू सांधत नाही.

इजा कशी ओळखावी?

मानेच्या किंवा पाठीच्या मध्यभागी वेदना, हातापायांस मुंग्या किंवा बधिरता, पाय हलविता न येणे, लघवीवरील ताबा जाणे ही लक्षणे होत. उंचावरून पडून बेशुद्ध झालेल्यास कण्याची इजा आहे असेच समजावे.

काय करावे?

१. त्यास आहे तसाच निजू द्यावा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे.

२. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे.

३. खाण्यापिण्यास काही देऊ नये. वांती झाल्यास डोके, धड व पाय एका रेषेत ठेवून सर्व शरीर एकदम कुशीवर वळवावे.

४. हलविणे अटळच असेल तर पाच माणसे घ्यावीत. एकाने डोके धरावे. तिघांनी एका बाजूस गुडघे टेकून खांदा, कंबर व पाय धरावेत. डोके धरणाऱ्याने इशारा देताच लाकडी ओंडक्याप्रमाणे त्यास एकदम कुशीवर वळवावे. पाचव्याने पाठीमागून फळी किंवा काढलेले दार सरकवावे व मग सर्वांनी त्यास हळूच उताणे करावे. झोळी किंवा सैल विणीची बाज वापरू नये. मोटारसायकलवर बसवून तर मुळीच नेऊ नये.

५. मनुष्य विहिरीच्या पाण्यात असेल, किंवा श्वास बंद पडला असेल, तर प्रथम प्राण वाचवावा. मान शक्य तितकी सरळ राखावी.

सांध्याची दुखापत

हात, पाय किंवा सांधा दुखावल्यास चोळू नये, ओढून बसविण्याचा यत्न करू नये. दुखऱ्या भागाच्या वरचा व खालचा सांधा हलणार नाही अशा बेताने काठी किंवा फळी बांधावी. पट्टा फार आवळू नये. बोटे थंड किंवा निळसर पडल्यास तो सैल करावा.

उपचार कोठे मिळतात?

जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या व धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत अस्थिव्यंगोपचार विभाग आहेत. मुंग्या किंवा बधिरता असताना घरी लेप लावून वाट पाहणे धोक्याचे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील तरुणांकडून कुशीवर वळविण्याच्या ह्या रीतीचा सराव मोकळ्या जागेत करून घ्यावा. एक भक्कम फळी ग्रामपंचायतीत ठेवावी व ती कोठे आहे हे सर्वांस ठाऊक असावे. प्रसंग आल्यावर शिकण्यास वेळ नसतो.