पुरळाला वेळापत्रक असतं!

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कुणाच्या तरी पाठीचा फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, ‘हे काय उठलंय?’ मावशी म्हणते उष्णता, काका म्हणतात अ‍ॅलर्जी आणि कुणीतरी हमखास लिहितं, ‘कोळी मुतला असेल.’ नुसत्या फोटोवरून पुरळ ओळखताना भले भले त्वचारोगतज्ज्ञही चाचपडतात. लाल ठिपका शेवटी लाल ठिपकाच! म्हणून डॉक्टर रंगाकडे बघता बघता भलतंच विचारतात. ताप आधी आला की पुरळ? सुरुवात कुठून झाली? एकाच बाजूला आहे का? विषाणूंच्या पुरळाची खरी ओळख त्या उत्तरांत असते. गंमतही तिथेच आहे.

ओठावरचं जुनं बिऱ्हाड

ताप उतरला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुपका येतो. घरातली मोठी माणसं ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ म्हणून मोकळी होतात. उष्णता नव्हे, तो हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ नावाचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या तब्बल ३८० कोटी लोकांच्या शरीरात तो आहे, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांच्या. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणा लाडावणाऱ्या नातेवाइकाच्या पापीतून मिळालेला असतो. त्यामुळे हर्पिस हा शब्द ऐकून चारित्र्याची चौकशी सुरू करण्याचं काही कारण नाही.

एकदा शिरला की तो जात नाही. चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या नसेची एक गाठ कवटीच्या तळाशी असते. तिथे तो भाडं न देणाऱ्या जुन्या बिऱ्हाडकरूसारखा पडून राहतो. ताप, जागरण, मनावरचा ताण, मासिक पाळी, दाताचं काम, कडक ऊन यांपैकी काहीही निमित्त पुरतं. मग तो त्याच नसेच्या वाटेनं खाली उतरतो, म्हणूनच फोड दर वेळी जवळपास त्याच जागी येतो. काहींना आयुष्यात एकदाही येत नाही आणि काहींना वर्षातून सहा-सहा वेळा येतो.

खरी वेळ चुणचुणीची

फोड दिसण्याच्या साधारण एक दिवस आधी त्या जागी चुणचुण होते, खाज येते किंवा ओढल्यासारखं वाटतं. ज्यांना वारंवार होतं त्यांना ही चुणचुण चांगली ओळखता येते. औषधाची वेळ हीच. असायक्लोव्हिरचं मलम किंवा डॉक्टरांनी दिलेली त्याच कुळातली गोळी या टप्प्यावर सुरू झाली, तर दुखणं थोडं लवकर आटोपतं. खपली धरल्यावर मलम चोपडणं म्हणजे वरातीमागून घोडं. तसं काहीच न करताही सात ते दहा दिवसांत फोड आपोआप बरा होतो. ज्यांना सारखाच त्रास होतो, त्यांना डॉक्टर काही महिने रोजची गोळीही देतात. ती मागून घ्यायला लाजू नये.

असायक्लोव्हिरची करामत मोठी देखणी आहे. हे औषध शरीरात निष्क्रिय अवस्थेत शिरतं आणि त्याला जागं करायला विषाणूचंच एक विकर लागतं. निरोगी पेशीत ते विकर नसतं, त्यामुळे तिथे औषध जवळपास गप्प बसतं. थोडक्यात, विषाणू स्वतःच्या हातानं स्वतःचा फास आवळतो. ज्यांच्या प्रयोगशाळेतून हे औषध आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकाचं नोबेल मिळालं, आणि त्यांच्याकडे रीतसर पीएच.डी. नव्हती. मात्र नसेच्या गाठीत झोपलेल्या विषाणूला हे औषध हात लावू शकत नाही. तो वाढायला लागला, तरच सापडतो. ‘हर्पिस मुळापासून घालवतो’ अशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

मध विरुद्ध मलम

न्यूझीलंडमध्ये साडेनऊशेच्या आसपास लोकांवर एक रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना असायक्लोव्हिरचं मलम, निम्म्यांना तिथल्या कानुका झुडपाच्या फुलांपासूनचा औषधी मध. मलमवाल्यांचा फोड बरा व्हायला ८ दिवस लागले, मधवाल्यांचा ९ दिवस. संख्याशास्त्राच्या हिशेबात बरोबरीच! यातून ‘मध गुणकारी’ असाही निष्कर्ष निघतो आणि ‘मलम फारसं काही करत नाही’ असाही. माझा कल दुसऱ्याकडे. टूथपेस्ट आणि चुना यांची मात्र कोणत्याच चाचणीत गरज नाही, त्यांनी ओठ भाजतो.

रोमन बादशहाची चुंबनबंदी

इंटरनेटवर फिरणारी कथा अशी की रोमचा सम्राट टायबेरियस यानं ओठावरच्या फोडांच्या साथीमुळे चुंबनावर बंदी घातली. गोष्ट चटकदार आहे, पण दोन वेगळ्या लेखकांना जोडून शिवलेली. सुएटोनियस एवढंच लिहितो की सम्राटानं भेटताना रोज घेतल्या जाणाऱ्या मुक्यांना हुकमानं मनाई केली. त्याच काळात उमरावांमध्ये मुक्यातून पसरणाऱ्या एका त्वचारोगाची नोंद प्लिनी करतो. पण प्लिनीचा आजार हनुवटीपासून सुरू होऊन गळ्या-छातीपर्यंत पसरतो आणि त्यातून कोंडा झडतो. हा आपला ओठावरचा फोड नव्हेच.

ऊन, आखाडा आणि दंतवैद्य

अतिनील किरणं या विषाणूला जागवतात, म्हणून बर्फावर घसरगुंडी करायला गेलेल्यांच्या ओठावर हमखास फोड येतात. वैशाखात शेतावर किंवा समुद्रकिनारी दिवस काढणाऱ्यांनी सनस्क्रीन असलेला लिप बाम जवळ ठेवावा. पण तो दुसऱ्याला देऊ नये, कारण लाळ, पेला, टॉवेल, वस्तरा या सगळ्यांतून विषाणू पुढे सरकतो. कुस्तीगिरांत अंगाला अंग घासून मानेवर-गालावर हर्पिस होतो, त्याला डॉक्टरी नावातच ‘ग्लॅडिएटर’ चिकटला आहे. तालमीतल्या वस्तादांनी असा फोड दिसलेल्या पठ्ठ्याला आठवडाभर मातीत उतरू देऊ नये. आणि हातमोजे सर्रास वापरात येण्याआधी दंतवैद्यांना या विषाणूचा संसर्ग बोटाला व्हायचा, रुग्णाच्या तोंडातून.

तोंड येणं वेगळं

ओठाच्या आत, गालाच्या आतल्या बाजूला गोल, पांढरट, झोंबणारी जखम झाली तर ते तोंड येणं. ते संसर्गजन्य नाही. ओठाच्या बाहेरच्या कडेवर पाण्याचे फोड झुपक्यानं आले तर तो हर्पिस. तोंडाचे कोपरे फाटले तर तिसरंच काही: जीवनसत्त्वांची कमतरता, बुरशी किंवा न बसणारी कवळी.

तीन ठिकाणी मात्र हसण्यावारी नेऊ नका. फोड असताना तान्ह्या बाळाची पापी घेऊ नका, पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या जिवावर बेतू शकतो. बारशाला आलेल्या आत्याबाईंना हे सांगायची हिंमत आईनं नाही, बाबानं करावी. दुसरं म्हणजे फोडाला लावलेला हात डोळ्याला लावू नका, बुबुळावर व्रण होऊन नजर जाऊ शकते. तिसरं, ज्यांना जुना इसब आहे त्यांच्या अंगभर फोड पसरले आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक शंका औषधाच्या दुकानातल्या ‘खाजेच्या ट्यूब’बद्दल. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या अनेक ट्यूबांत स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेलं असतं. विषाणूच्या फोडावर स्टिरॉइड चोळलं की त्याला मोकळं रान मिळतं.

नागिणीचं तोंड आणि शेपूट

‘नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो.’ ही भीती महाराष्ट्रात इतकी मुरलेली आहे की सुशिक्षित माणूसही आरशात कंबर मोजतो. घाबरू नका. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मणक्याजवळच्या एखाद्या नसेच्या गाठीत दडून बसतो आणि वय वाढलं की तीच नस धरून बाहेर येतो. ती नस पाठीच्या कण्याकडून पुढे पोटापर्यंत एकाच बाजूनं येते आणि मध्यरेषेवर संपते. तोंड-शेपूट जुळायला रस्ताच नाही. फोड एकाच बाजूला, पट्ट्यात असतील तर निदान जवळजवळ पक्कं समजा.

दुखणं फोडांच्या काही दिवस आधी सुरू होतं, म्हणून कुणी हृदयविकार समजून ईसीजी काढतो, कुणी मुतखडा समजून सोनोग्राफी. फोड दिसले की ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू व्हाव्यात. काव लावून आणि नागीण उतरवून घेण्यात हेच तीन दिवस निघून जातात. फोड सुकल्यावर महिनोन्‌महिने टिकणारी आग हा तिचा खरा डंख. फोड नाकाच्या शेंड्यावर आला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जायलाच हवं, कारण तीच नस डोळ्यालाही जाते. ही खूण एकोणिसाव्या शतकातले लंडनचे जोनाथन हचिन्सन सांगून गेले.

नागीण झालेल्या आजोबांकडून नातवाला नागीण होत नाही, पण कांजिण्या होऊ शकतात. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते. महाग आहे.

कांजिण्या आणि दारावरचा कडुलिंब

कांजिण्यांची ओळख पटते ती त्यांच्या गोंधळावरून. एकाच वेळी कुठे लाल ठिपका, कुठे पाण्याचा फोड, कुठे खपली. देवीचे फोड मात्र सगळे एकाच टप्प्यावर असत. जुने डॉक्टर याच फरकावर दोन आजार वेगळे काढत. मूल फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग देतं, आणि सगळ्या फोडांवर खपली धरली की थांबतं. घरात फोडणी बंद, आंघोळ बंद आणि दारावर कडुलिंबाचा डहाळा हा जुना रिवाज. त्यातला डहाळा मला शहाणपणाचा वाटतो, पाहुणा परस्पर मागे फिरतो. आंघोळबंदी मात्र सोडून द्या, कोमट पाण्यानं खाज उलट कमी होते. मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

देवीचा विषय निघालाच आहे, तर एक मुंबईची नोंद. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला.

गोवर: आधी गालाच्या आत बघा

गोवराचं वेळापत्रक सगळ्यात कडक. आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मग पुरळ उठतं ते कानामागे आणि केसांच्या कडेला, आणि तिथून पायांकडे उतरतं. पण त्याच्या एक-दोन दिवस आधी दाढांसमोर गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये ते नोंदवले आणि त्यांचं नाव ठिपक्यांना कायमचं लागलं.

गोवराचं मूल खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत तरंगत राहतो. लस न घेतलेल्या दहा जणांत नऊ जणांना तो गाठतो. त्याहून वाईट म्हणजे शरीरानं आधीच्या आजारांशी लढून कमावलेली प्रतिकारशक्तीची आठवण तो पुसतो, त्यामुळे गोवर गेल्यावर मूल दुसऱ्याच आजारांना बळी पडतं. मुंबईत गोवंडी भागात २०२२ च्या अखेरीस झालेल्या उद्रेकात मुलं दगावली. लशीचे दोन डोस आणि आजारात अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा, एवढ्यानं बराच फरक पडतो.

क्रमांक चार कुठे गेला?

मुलांच्या पुरळांना पूर्वी डॉक्टरांनी चक्क हजेरी क्रमांक दिले होते. पहिला गोवर, दुसरा स्कार्लेट फीवर (हा जिवाणूचा), तिसरा रुबेला. चौथा १९०० मध्ये क्लेमंट ड्यूक्स यांनी मांडला, पण तो स्वतंत्र आजार आहे हे कुणाला पटलं नाही. जागा रिकामीच. पाचव्यात गाल थप्पड मारल्यासारखे लाल होतात. त्याच्या विषाणूचं नाव पार्व्होव्हायरस बी-१९. रक्ताच्या नमुन्यांच्या बी पट्टीतल्या एकोणिसाव्या नमुन्यात तो योगायोगानं सापडला, म्हणून बी-१९!

टोमॅटो निर्दोष

२०२२ मध्ये केरळात ‘टोमॅटो फ्लू’ची आवई उठली आणि बाजारातल्या टोमॅटोकडे लोक संशयानं बघू लागले. निघाला तो बराचसा हात-पाय-तोंड आजार, पाळणाघरांतला नेहमीचाच. त्याच्या कॉक्ससॅकी विषाणूला नाव मिळालं न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावावरून. काही आठवड्यांनी मुलाची नखं गळून पडली तर रडारड नको, खाली नवीन येत असतात.

पेला दाबून बघा

पुरळावर काचेचा पारदर्शक पेला दाबा. डाग फिका पडला तर बहुधा साधं विषाणूजन्य पुरळ. तसाच गडद राहिला तर कातडीखाली रक्त उतरलं आहे. सोबत ताप असेल तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा.

ताप उतरणं ही प्रत्येक वेळी आनंदाची बातमी नसते. सहाव्या क्रमांकाच्या आजारात, म्हणजे रोझिओलात, बाळाचा तीन दिवसांचा ताप उतरतो आणि त्याच वेळी पुरळ येतं. आई घाबरते, पण बाळ बरं झालेलं असतं. डेंग्यूत नेमकं उलटं. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात जोखमीचे. त्या काळात पोटात दुखणं, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसली तर ‘आता ताप नाही ना!’ म्हणत घरी बसू नका.