धानाची गिरणी, आकड्यांची गिरणी

गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. इथं राईस मिल कशी चालते, ठाऊक आहे ना? एकीकडून धान टाकायचं, दुसरीकडून तांदूळ बाहेर! दहा दाणे असोत की दहा पोती, प्रत्येक दाण्याला नियम तोच.

चला, आपण आकड्यांची गिरणी काढू या. नियम एवढाच : 'आलेल्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळव.' १२ टाकले, तर १ आणि २ मिळून ३, म्हणून बाहेर पडले १५. १३ चे होतात १७, १४ चे १९, १५ चे २१. झाली की यादी!

संगणकाकडून अशी यादी करून घ्यायची, तर हजार उत्तरं लिहून द्यावी लागत नाहीत. १९९१ साली आलेल्या 'पायथॉन' या संगणकाच्या भाषेत दोनच गोष्टी सांगायच्या : कुठपासून कुठपर्यंतच्या संख्या घ्यायच्या आणि प्रत्येकीला कोणता नियम लावायचा. एरवी नियमाला नाव देतात, म्हणजे त्याला पुन्हा हाक मारता येते. पण एकदाच लागणाऱ्या छोट्या नियमाचं बारसं कशाला? असा बिननावाचा नियम म्हणजे 'लॅम्डा'. हे एका ग्रीक अक्षराचं नाव. अमेरिकन गणिती अलोन्झो चर्च यांनी ते १९३० च्या दशकात, आजच्यासारखे संगणक येण्याआधीच, अशा नियमांसाठी वापरलं.

आता गंमत ऐका. गोंदियाहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नाशिकजवळ देवळाली लागते. तिथं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शाळामास्तर होते. आपल्या गिरणीचा नियम घेऊन त्यांनी हातानं आकडेमोड केली आणि उलटाच प्रश्न विचारला : या गिरणीतून कधीच बाहेर न पडणाऱ्या संख्या कोणत्या?

२० घ्या. १ ते ९ दुप्पट होऊन फार तर १८ पर्यंत जातात. १० ते १९ मधून नेहमी विषम संख्याच निघते. आणि २० पासून पुढच्या सगळ्या २० च्या पुढेच जातात. मग २० येणार कुठून? १, ३, ५, ७, ९ यांचंही तसंच. जणू यांना आईबापच नाहीत! कापरेकरांनी त्यांना 'स्वयंभू' म्हटलं. 'देवळाली संख्या' हेही त्यांचंच नाव.

लाख संख्यांची यादी संगणक आज क्षणात देतो. पण यादीत काय आलं नाही, हे बघायचं आधी कुणाला तरी सुचावं लागतं. ते काम माणसाचं!

मग घ्या कागद-पेन्सिल, बसवा आईबाबांना शेजारी आणि शोधा बरं : २० नंतरची पहिली स्वयंभू संख्या कोणती?

(उत्तर : ३१. आधी पाहिलं नाहीत ना?)